चहा ओतला की ओघळ पातेल्याच्या पोटावरूनच का उतरतो?

निळी_बशी | सोमवार, सकाळी ७:५०

मंडळी, प्रश्न अगदी ओट्यावरचा आहे. आमच्याकडे सकाळी पाच कप चहा एकदम होतो. पातेलं सांडशीत धरायचं, कपावर गाळणं ठेवायचं आणि ओतायचं. पहिल्याच कपाला घोटाळा होतो. चहा काठावरून सुटून गाळण्यात पडायच्या ऐवजी काठाला वळसा घालतो, पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला बिलगतो, पोटावरून घसरत बुडाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथून ओट्यावर टपकतो. कप राहतो चार बोटं लांब.

पाणी खाली जातं हे कळतं. पण सरळ खाली पडायची वाट मोकळी असताना ते भांड्याला चिकटून, उलट्या बाजूला का जातं?

बरेच दिवस नीट बघून तीन गोष्टी लक्षात आल्यात:
पातेलं भरलेलं असताना ओघळ जास्त येतो, शेवटच्या कपाला जवळपास कधीच येत नाही.
हात सावकाश गेला की हमखास येतो.
आईकडून आलेलं चोचीचं पितळी भांडं आहे, कल्हई केलेलं. त्यातून ओघळ येत नाही. नवीन पातेल्याचा काठ जाड, गोल वळवलेला आहे. त्यातून सगळ्यात जास्त येतो.

सासूबाई म्हणतात, "हात धीट ठेव." बरोबरच असेल, पण मला कारण हवंय. कोणाला माहिती आहे का?

---

अर्धा_कप | सोमवार, सकाळी ८:०५

+१. मला वाटायचं हे फक्त आमच्याच घरी होतं. बसतो धाग्यावर.

---

खडीसाखर | सोमवार, सकाळी ८:२०

कारण माहीत नाही, उपाय सांगते. पातेल्याच्या काठाला चमचा टेकवायचा, त्याचं टोक कपात सोडायचं आणि चमच्यावरून चहा ओतायचा. थेंब इकडेतिकडे जात नाही. माझी आजी तूप अशीच पळीवरून गाळायची.

---

काचकांडी | सोमवार, सकाळी ९:१०

खडीसाखर ताई, तुमच्या आजींची युक्ती आम्ही प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना शिकवली. द्रावण एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना काचकांडी काठाला टेकवायची आणि द्रव तिच्यावरून सोडायचा. द्रवाला काहीतरी धरून वाहायचंच असेल तर आपल्याला हवी ती वाट त्याला धरायला द्यायची.

आणि निळी_बशी, तुमच्या पितळी भांड्याची गोष्ट तर आपल्या पाठ्यपुस्तकातल्या शब्दातच आहे. बीकरला आपण चंचुपात्र म्हणतो. चंचू म्हणजे चोच. मुलं हा शब्द अवघड म्हणून नाक मुरडायची, तेव्हा मी चंचुपात्रातून आणि साध्या पेल्यातून शेजारी शेजारी पाणी ओतून दाखवायचो. पेल्याचं पाणी मनगटापर्यंत यायचं. त्यानंतर तो शब्द कोणी विसरलं नाही.

या ओघळण्याला शास्त्रात रीतसर नाव आहे, टीपॉट इफेक्ट. इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्नियॉन या तंत्रविद्यापीठातले मार्कुस रायनर यांनी १९५६ साली त्यावर लेख लिहिला आणि हा न सुटलेला प्रश्न म्हणून मांडला. रायनर म्हणजे साधा माणूस नव्हे. घट्टपातळ पदार्थ कसे वाहतात, कसे ताणले जातात या शास्त्राला ऱ्हिऑलॉजी हे नाव रुजवणाऱ्यांपैकी ते एक. अशा माणसाला किटलीने अडवलं होतं.

---

रुळावरून | सोमवार, सकाळी १०:०२

यात एवढं काय? हा क्वांडा इफेक्ट. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावली की धार चमच्याकडे वळते, तोच प्रकार. विमानाच्या पंखावरून हवा जाते तेही हेच.

---

तरंगलांबी | सोमवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. द्रवगतिकीवरच माझं काम चालतं, त्यामुळे हा धागा दिसल्यावर राहवलं नाही.

रुळावरून, क्वांडा म्हणतात ते मुळात हवेच्या झोताचं हवेतच होणारं वागणं. झोत आजूबाजूची हवा ओढत जातो. एका बाजूला भिंत असली की त्या बाजूची हवा कमी पडते आणि झोत भिंतीकडे झुकतो. चहा हवेत पडतो तेव्हा ती ओढाओढ नगण्य असते, कारण चहापुढे हवा फारच हलकी. चमच्याचा प्रयोग दिसायला सारखा आहे, पण तिथे काम करणारी गोष्ट वेगळी आहे.

मग धार वळते कशी? गोफण फिरवताना दोरीला ताण असतो, तो सोडला की दगड सरळ जातो. चहाच्या धारेलाही काठाभोवती वळायचं तर कोणीतरी आत ओढलं पाहिजे किंवा बाहेरून ढकललं पाहिजे. जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने १९५७ साली दाखवलं की वळणावर काठालगतचा द्रव जास्त वेगाने जातो, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. धारेच्या बाहेरच्या अंगाला मात्र हवेचा पूर्ण दाब असतो. म्हणजे चहाला पातेल्याकडे दाबून धरते ती भोवतालची हवा.

---

गवतीचहा | सोमवार, दुपारी २:१५

म्हणजे पृष्ठताणाचा काही संबंध नाही? आम्ही तर शाळेत असल्या प्रत्येक प्रश्नाला "पृष्ठताणामुळे" लिहून दोन गुण घेतले. :)

---

तरंगलांबी | सोमवार, दुपारी २:४०

गवतीचहा, बरीच वर्षं तज्ज्ञही तेच म्हणत होते की वेगाने वाहणाऱ्या धारेत पृष्ठताणाचा वाटा किरकोळ असणार. मग २०१० मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या गटाने मोजमाप करून दाखवलं की पृष्ठभाग किती ओला होतो यावर सगळं पालटतं. काचेवर पाण्याचा थेंब पसरतो, अळूच्या पानावर मोत्यासारखा गोल राहतो. थेंबाची कड पृष्ठभागाला ज्या कोनात भेटते त्याला स्पर्शकोन म्हणतात. हा कोन लहान, म्हणजे पृष्ठभाग पटकन ओला होणारा असेल, तर धार सोडवायला खूप वेग लागतो. अळूच्या पानासारखा पृष्ठभाग असेल तर ओघळ पूर्ण थांबतो. त्यांनी तर पृष्ठभागाला विजेचा दाब देऊन त्याचं ओलं होणं बदललं आणि चालू धारेचा ओघळ हवा तेव्हा सुरू, हवा तेव्हा बंद करून दाखवला.

म्हणून तुमचे दोन गुण मी कापणार नाही.

---

अर्धा_कप | सोमवार, दुपारी ३:००

मग अळूच्या पानातून चहा ओतावा का?

---

खडीसाखर | सोमवार, दुपारी ३:०४

अळूची वडी करा, चहाबरोबर द्या. भांडं कुठलंही चालेल.

---

टपरीचा_कट्टा | सोमवार, संध्याकाळी ६:४५

आमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर मामा अॅल्युमिनियमच्या किटलीतून एका दमात दहा ग्लास भरतात. आज मुद्दाम जवळ उभं राहून बघितलं. सुरुवातीला किटलीला झटका देऊन एकदम मोठी धार सोडतात. ग्लास भरत आला की हात वर नेतात, धार लांब होते, आणि मग मनगटाचा उलटा झटका देऊन धार तोडतात. बारीक, रेंगाळणारी धार ते येऊच देत नाहीत. किटलीची तोटी बाहेरून कोरडी ठणठणीत.

विचारलं तर म्हणाले, "धार भिऊन धरली की ती किटलीकडे पळते." निळी_बशींच्या सासूबाई आणि आमचे मामा यांचं एकमत आहे.

---

तरंगलांबी | सोमवार, रात्री ९:३०

मामांना माझा नमस्कार सांगा. वेगाचं सगळं गणित त्या एका वाक्यात आहे.

२०२१ मध्ये व्हिएन्नाचं तांत्रिक विद्यापीठ आणि लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज यांच्या लोकांनी याचं सविस्तर गणित मांडलं. काठाच्या खालच्या अंगाला अगदी लगेच एक छोटासा थेंब तयार होतो. तो नेहमीच असतो, धार छान सुटत असली तरीही. त्याच्यामुळे काठाचा तेवढा भाग कायम ओला राहतो. वेग भरपूर असेल तर हा थेंब लहान राहतो आणि वरची धार त्याला ओलांडून निघून जाते. वेग कमी झाला की थेंब फुगतो, आणि एका मर्यादेनंतर सगळ्या धारेलाच आपल्यामागे वळवून नेतो.

गंमत म्हणजे यात गुरुत्वाकर्षणाची भूमिका दुय्यम निघाली. धार कुठल्या दिशेला जाणार एवढं ते ठरवतं. ओघळायचं की सुटायचं हे वेग, द्रवाचा दाटपणा आणि पृष्ठताण मिळून ठरवतात. चंद्रावर चहा केला तरी पातेलं ओघळणारच.

निळी_बशींची पहिली नोंदही यात बसते. भरलेलं पातेलं थोडंसंच कलवावं लागतं. त्या वेळी काठाखालची बाहेरची भिंत जवळजवळ उभी असते, म्हणजे धारेला थोडंसं वळलं की उतार तयार. शेवटच्या कपाला पातेलं इतकं आडवं होतं की बाहेरच्या भिंतीवर जायचं तर चहाला वर चढावं लागेल. तिथे त्याचा नाइलाज होतो आणि तो कपात पडतो.

---

फिरती_चाकं | सोमवार, रात्री ११:५०

वाचनखूण साठवली. विषयांतर करतो, पण चहाचंच आहे. केलर आणि झां-मार्क वांडेन-ब्रूक यांना न गळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी १९९९ चं इग नोबेल मिळालं होतं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी ते देतात. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं दुसरं इग नोबेल लेन फिशर यांना मिळालं, चहात बिस्कीट बुडवायची योग्य पद्धत काढल्याबद्दल!

---

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ७:३०

हे आधी सांगायचं ना! माझं ग्लुकोजचं बिस्कीट आत्ताच कपात तुटून बुडालं. काय पद्धत आहे?

---

फिरती_चाकं | मंगळवार, सकाळी ८:१०

बिस्कीट सपाट, आडवं बुडवायचं, वरची बाजू कोरडी ठेवून. चहा बिस्किटाच्या बारीक भोकांतून आत शिरतो त्याला वॉशबर्न यांचं १९२१ चं सूत्र लागू पडतं. दुप्पट खोल शिरायला चौपट वेळ लागतो. वरचा थर कोरडा असेपर्यंत तो खालच्या भिजलेल्या थराला सांभाळतो. उभं बुडवलं की दोन्हीकडून भिजतं आणि मध्यावर मान टाकतं.

---

कौलारू | मंगळवार, सकाळी ११:२०

मी बांधकामातला. हा धागा वाचताना मला चहा नाही, छज्जे दिसत होते.

पावसाचं पाणी छज्ज्याच्या पुढच्या कडेवरून खाली पडायला हवं. पण पाऊस रिमझिम असला की ते कडेवरून वळसा घालून स्लॅबच्या खालच्या बाजूला येतं, आणि छताला चिकटून उलटं लटकत थेट भिंतीपर्यंत पोहोचतं. मुसळधार पावसात धार कडेवरून सुटून लांब पडते. भिंत खराब करतो तो बारीक पाऊस.

यावर उपाय म्हणजे छज्ज्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंच आत, कडेला समांतर एक खोबण. करंगळी बसेल एवढी. साइटवर सगळे तिला ड्रिप म्हणतात. पाणी सरकत सरकत खोबणीच्या धारदार कडेपाशी आलं की पुढे जायला त्याला एकदम वर वळावं लागतं. ते जमत नाही, थेंब तिथेच जड होतो आणि पडतो. खर्च जवळजवळ शून्य, प्लास्टर करताना पट्टी ठेवायची एवढंच. तरी कितीतरी ठिकाणी ती विसरतात.

मी स्वतः राहतो त्या इमारतीत ती खोबण नाही. दर पावसाळ्यात खिडकीच्या वर बुरशीचा काळा पट्टा येतो. तीनदा रंग दिला, दोनदा वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटीने केला. शेवटी मी गवंड्याला सोबत घेऊन माझ्या एका खिडकीच्या छज्ज्याखाली धारदार कडेची पट्टी बसवून घेतली. मागच्या पावसाळ्यात ती एक खिडकी कोरडी राहिली. शेजारची अजून काळी आहे. आता सगळ्या मजल्यांसाठी सोसायटीच्या बैठकीत विषय मांडलाय.

---

काचकांडी | मंगळवार, दुपारी १२:४५

कौलारू, फार नेमकं लिहिलंत. धारदार कडेपाशी द्रव का अडतो ते घरी दिसतं. फुलपात्र काठोकाठ भरा आणि आणखी थेंब थेंब सोडत राहा. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, लगेच सांडत नाही. धारदार काठावर पाण्याची कड रुतून बसते, आणि पलीकडच्या भिंतीशी पुरेसा कोन होईपर्यंत हलत नाही. काठ जितका तीक्ष्ण तितका हा अडसर मोठा. गोल वळवलेल्या काठावर अडायला जागाच नाही, पाणी हळूहळू घरंगळत पलीकडे जातं. निळी_बशींच्या नव्या पातेल्याचं दुखणं हेच.

तांब्याचं तोंडही पाहा. मान आवळलेली आणि वर पातळ कड बाहेरच्या बाजूला पसरलेली. ओघळायचं म्हटलं तर पाण्याला त्या कडेखालून मागे फिरून मानेपर्यंत जावं लागतं. ज्या तांबटांनी हा आकार पिढ्यान्‌पिढ्या घडवला त्यांच्या हातात हे ज्ञान होतं.

---

तिळगूळ | मंगळवार, दुपारी ४:००

चहाचं झालं. तेलाच्या किटलीचं काय? तोटी कितीही बारीक घ्या, बाहेरून ती तेलकट होतेच. खाली ताटली ठेवावी लागते. आणि बरणीतलं तेल संपलं म्हणून धुवायला घ्यावी तर तळाशी पुन्हा चमचाभर जमलेलं असतं.

---

तरंगलांबी | मंगळवार, रात्री १०:१५

तिळगूळ, तेलाचं दुखणं दुहेरी आहे.

पहिलं म्हणजे तेल जवळपास कशालाही ओलं करतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन, खाद्यतेलाचा ३२ च्या आसपास. स्टील, प्लॅस्टिक, काच, सगळीकडे ते पसरतं. त्यामुळे स्पर्शकोन वाढवायची युक्ती इथे चालत नाही.

दुसरं म्हणजे श्यानता, साध्या शब्दांत दाटपणा. खोलीच्या तापमानाला सूर्यफुलाचं तेल पाण्याच्या सुमारे ५० पट दाट असतं. द्रवाचा जो थर भिंतीला लागून असतो तो भिंतीबरोबर स्थिर राहतो, घसरत नाही. पंखा वर्षभर गरगर फिरतो तरी पात्यावरची धूळ उडत नाही, कारण पात्याला लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. हवा असो वा तेल, नियम तोच. वरचा थर खालच्या थरावरून सरकतो, तो त्याच्या खालच्यावरून, आणि अगदी तळचा जागचा हलत नाही. दाट द्रवात ही सगळी उतरंड मंद असते. म्हणून तेलाची धार तोटीवर वेग घेत नाही, आणि वेग नसला की काय होतं ते मामांनी सांगितलंच आहे.

आता बरणी. उभ्या भिंतीवरून उतरणाऱ्या थराचं गणित हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९३० मध्ये मांडलं. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाने कमी होते. म्हणजे थर निम्मा व्हायला चौपट वेळ. हिशोब केला तर तेल ओतून एक मिनिट झाल्यावर काठाखाली दहा सेंटीमीटरवर साधारण ०.०९ मिलिमीटर थर असतो. चार मिनिटांनी ०.०४५, सोळा मिनिटांनी त्याच्या निम्मा. दर वेळी तुम्ही "आता संपलं" म्हणता आणि तेल अजून येतच असतं.

उपाय एकच, बरणी ऊन पाण्यात जरा वेळ ठेवून मग उलटी करा. तापलं की तेल खूप पातळ होतं. तोटीसाठी पातळ, धारदार ओठ आणि त्याच्या भोवती ओघळ परत आत नेणारी खोलगट वाटी असलेली किटली बघा. तिथे ओघळ थांबवायच्या भानगडीत पडलेले नाहीत, त्याला घरी परतायची वाट करून दिलीय.

---

उसाचा_मळा | मंगळवार, रात्री ११:०५

दाटपणाचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे या. आमचं गुऱ्हाळ आहे, कोल्हापूर भागात. काकवी काढायची वेळ झाली की काहिलीतून पळीभर घेऊन उंच धरून सोडतो. गरम असताना ती पाण्यासारखी सरळ पडते. थोडी निवली की खाली टेकल्याबरोबर धार गोल गोल वेटोळी घालायला लागते, दोराचं भेंडोळं रचावं तशी. ते भेंडोळं उंच होतं, बसतं, पुन्हा रचतं. लहानपणी आम्ही चुलत भावंडं चुलवाणापासून लांब बसून ते मोजत राहायचो. आमच्या आजोबांना त्या वेटोळ्यावरून काकवी बाटलीत भरायजोगी झाली की नाही ते कळायचं, आणि मलाही आता थोडं थोडं कळतं. तरंगलांबी दादा, याचंही काही शास्त्र आहे का?

---

तरंगलांबी | बुधवार, सकाळी ८:००

आहे आणि फार सुंदर आहे! बार्न्स आणि वुडकॉक यांनी १९५८ मध्ये या वेटोळ्यांवर मोजमापं छापली. नंतर जी. आय. टेलर यांच्यासारख्या मोठ्या माणसानेही त्यात हात घातला. धार खाली टेकते तिथे तिला थांबावं लागतं, पण वरून माल येतच असतो. पातळ द्रव आजूबाजूला पसरून जागा करतो. दाट द्रवाला तेवढ्यात पसरता येत नाही, म्हणून उभी काठी वरून दाबली की वाकते तशी धार वाकते, आणि वाकलेली धार सगळ्यात सोयीने गोल फिरते. उंची बदलली की फिरण्याचा वेग बदलतो. दाटपणा बदलला तरी बदलतो. तुमचे आजोबा डोळ्यांनी श्यानता मोजत होते.

---

खडीसाखर | बुधवार, सकाळी ९:१२

उसाचा_मळा, काकवीबरोबर भाकरी आणि वर तूप. आता सकाळी सकाळी काय करू सांगा.

---

डॅन्यूबकाठी | बुधवार, दुपारी १२:३०

माझ्या जर्मन शेजारीण आजींकडे या प्रश्नाचा जुना इलाज आहे. किटलीच्या तोटीखाली स्पंजाची एक छोटी गुंडाळी, तिला इलॅस्टिक, आणि ते इलॅस्टिक झाकणाच्या बोंडाला अडकवलेलं. वर सजावटीला फुलपाखरू. नाव ट्रॉप्फेनफेंगर, म्हणजे थेंब पकडणारा. ओघळ आला की स्पंज पितो, मेजावरची पांढरी चादर वाचते. आजी म्हणतात त्यांच्या तरुणपणी घरोघरी असायचा. मला तो फार आवडतो.

---

अर्धा_कप | बुधवार, दुपारी १:०१

म्हणजे सासूबाईंच्या हातातलं फडकंच, फक्त फुलपाखरू लावून.

---

गवतीचहा | गुरुवार, सकाळी १०:४०

तरंगलांबी यांनी अळूच्या पानाचं लिहिल्यापासून डोक्यात घोळत होतं. काल मुलीबरोबर प्रयोग केला.

जुना स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या ज्योतीत धरला. काळी मखमली काजळी बसली. गार झाल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो पाऱ्यासारखा पळाला! चमचा पाण्यात बुडवला तर काळा चमचा चांदीसारखा चकाकायला लागला, कारण काजळी आणि पाणी यांच्या मध्ये हवेचा पापुद्रा राहतो. बाहेर काढला तर कोरडा.

मग एका जुन्या वाटीच्या काठाला बाहेरून, निम्म्या भागालाच, काजळी धरली. उरलेल्या निम्म्या भागावरून हळू ओतलं तर पाणी नेहमीप्रमाणे वाटीच्या पोटावरून. काजळीच्या बाजूने तितकंच हळू ओतलं तर धार काठावरून सुटून सरळ खाली. आम्ही दोघी ओरडलोच. तीन वेळा जमलं. चौथ्यांदा माझं बोट लागून काजळीवर एक रेघ पुसली गेली, आणि ओघळ नेमका त्या रेघेवरून उतरला, बोटाएवढाच रुंद.

दुधाच्या चहाला मात्र काजळी दाद देत नाही. एका ओतण्यात खेळ खलास. आणि प्यायचं काही त्यातून ओतू नका, अर्थातच.

---

काचकांडी | गुरुवार, सकाळी ११:१५

गवतीचहा, त्या बोटाच्या रेघेला माझ्याकडून दहापैकी दहा. निम्मा काठ तसाच ठेवलात हे फार चांगलं केलंत, तुलना त्याच वाटीत मिळाली.

---

तरंगलांबी | गुरुवार, दुपारी २:००

फारच छान. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश पृष्ठताण उतरवतात, म्हणून चहा काजळीत शिरला.

त्या रेघेवरून एक कामाची गोष्ट आठवली. १९९४ मध्ये किस्लर आणि स्क्रिव्हन यांनी मोजून दाखवलं की एकदा ओघळ सुरू झाला की तो मोडायला, तो सुरू व्हायच्या वेळी होता त्यापेक्षा जास्त वेग लागतो. ओली वाट धारेला आवडते. म्हणून ओघळ आल्यावर घाबरून हात आणखी सावकाश करू नका. थांबा, काठ बाहेरून कोरडा पुसा आणि नव्याने झटक्यात सुरू करा.

---

निळी_बशी | रविवार, सकाळी ९:२०

मंडळी, एवढे दिवस वाचत होते आणि रोज सकाळी एकेक करून बघत होते.

सोमवारी पातेलं निम्मंच भरून दोनदा चहा केला. ओघळ नाही, पण गॅस आणि वेळ दुप्पट. मंगळवारी खडीसाखर ताईंचा चमचा. उत्तम चालतो, पण एका हातात सांडशी, एका हातात चमचा, मग गाळणं कोण धरणार? बुधवारी काठाला बाहेरून तुपाचं बोट लावलं. पहिले दोन कप चालले, मग तूप गरम चहात वितळलं. गुरुवारपासून टपरीच्या मामांची पद्धत. सुरुवातीलाच धीट धार, आणि थांबताना मनगट उलटं. शुक्रवारी एकदा ओघळ आला तेव्हा तरंगलांबींचं ऐकून थांबले, काठ पुसला, पुन्हा सुरू केलं. शनिवारी आणि आज पाचही कप कोरड्या पातेल्याने भरले.

सासूबाईंना केलर, किस्लर, व्हिएन्ना सगळं वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग उठून माळ्यावरून त्यांच्या लग्नातलं चोचीचं भांडं काढून दिलं, म्हणाल्या, "हे घे, कल्हई करून आण." इथे आजूबाजूला कल्हईवाला मिळत नाहीये. पुण्यात पेठांच्या भागात कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

कौलारू | रविवार, सकाळी १०:०५

निळी_बशी, तांबट आळीत चौकशी करा, तिथे अजून हातोड्यांचे आवाज येतात. सकाळी लवकर जा. आणि मंडळी, सोसायटीच्या बैठकीत पट्टीचा विषय मंजूर झाला. गवतीचहांची काजळीची वाटी करून नेली होती, सगळ्यांसमोर पाणी ओतून दाखवलं.